नत्थुजीनं लारी सोडली

नत्थुजीला बोलल्याशिवाय अन्न पचत नसे. माणूस समोर असला तर माणसाशी, नसला तर बैलांशी, आणि बैल चरायला गेले असले तर वांग्याच्या झाडांशी तो बोले. नांदगाव पेठेच्या पुढं दोन कोसांवर, तिवशाच्या सडकेला लागून त्याचा मळा होता. वांगी, भेंडी, कारली, बांधाबांधानं झेंडू, आणि विहिरीपाशी बायकोच्या हौसेखातर लावलेला मोगरा. बायकोचं नाव मैनाबाई. तिचं म्हणणं असं की आपल्या मळ्यातली वांगी इतकी लवकर मोठी होतात ती याच्या बडबडीला कंटाळून. एकदा तोडून बाजारात नेलं की सुटलो, असं त्यांना होत असावं.

असल्या माणसानं एकोणीसशे अडतीस साली चार महिने तोंडाला कुलूप लावून काढले, हे त्याच्या गावात कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. पण काढले खरे, आणि तेही कुणाच्या जबरदस्तीनं नाही, स्वतःच्या हौसेनं.

हौस लारीची. कौंडण्यपूरच्या यात्रेत त्यानं पहिल्यांदा लारी जवळून पाहिली. बाकीचं गाव वर्धा नदीत आंघोळ करून देवळात गेलं आणि हा लारीला प्रदक्षिणा घालत बसला. मैनाबाईचं दोनदा दर्शन घेऊन झालं, चिवडा खाऊन झाला, बांगड्या भरून झाल्या, तरी हा तिथंच. तापलेल्या बॉनेटला हात लावून त्यानं दोन बोटं भाजून घेतली आणि परत येताना बंडीत बसलेल्या प्रत्येकाला ती बोटं दाखवली. त्या दिवसापासून त्याच्या मनानं एकच घेतलं. आपल्या मळ्यातली वांगी आणि झेंडू लारीत भरायचे, स्टेरिंग आपल्या हातात धरायचं आणि थेट अकोल्याच्या बाजारात नेऊन उभं करायचं. उमरावतीचा इतवारा बाजार बंडीनं होत होताच. अकोला बंडीनं होत नव्हतं.

इतवाऱ्यातले भगवंतराव हे भाजी आणि संत्र्यांचे मोठे व्यापारी. त्यांच्याकडे दोन लाऱ्या होत्या आणि चालवणारा एकच होता. नत्थुजीचा माल वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जात असल्यामुळं माणूस ओळखीचा. त्यांनी सांगितलं की शालिकराम उस्तादाच्या हाताखाली चार-पाच महिने काढ, तो म्हणाला तयार झाला, की दुसरी लारी तुझी. नत्थुजी त्या दिवशी घरी चालत आला नाही, जवळजवळ नाचतच आला.

शालिकराम उस्ताद पंचेचाळिशीचा, उंच, वाळका, मिशा टोकाला पिवळ्या पडलेल्या. जर्मनच्या लढाईत बसऱ्याला जाऊन तो मोटार शिकला होता. तिथून येताना त्यानं एक खाकी कोट आणि एक दुखरा खांदा आणला, आणि वीस वर्षं झाली तरी दोन्ही सोडले नव्हते. वैशाखातही तो कोट अंगात असे. खरं ते सांगितलंच पाहिजे, गाडी चालवण्यात त्याच्या तोडीचा माणूस तेव्हा बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत नव्हता. त्याच्या चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही. पण शिकवणं ही त्याच्या लेखी वेगळी विद्या नव्हतीच. त्याला स्वतःला शिव्या आणि रट्टे खाऊन शिकवलं होतं, तेव्हा शिष्यानं शिव्या आणि रट्टे खावे आणि शिकावं, इतकं सोपं त्याचं गणित.

पहिल्याच दिवशी त्यानं कायदा सांगितला. लारीत बोलायचं नाही. इंजिन काय म्हणतं ते त्याला ऐकू आलं पाहिजे. पुढच्या बाकावर बसायचं नाही, मागं टोपल्यांवर बसायचं. विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, आणि विचारायचंही नाही. नत्थुजीचं नाव त्यानं एकदा ऐकलं आणि बाजूला ठेवलं. त्या दिवसापासून नत्थुजी झाला बैलवाल्या.

बैलवाल्या पहाटे लारी धुवायचा, तिला पाणी पाजायचा, इंजिन सुरू करायला हँडल मारून मारून त्याचे दंड भरून यायचे. चिखल आला की उतरून पुढं चालायचा आणि पायानं जमीन दाबून, कुठं घट्ट आहे, कुठं पोकळ आहे, ते हातानं दाखवायचा. मुर्तिजापूरला चहासाठी गाडी थांबली की उस्ताद कोटाची एक बाही काढून बाकावर बसे आणि बैलवाल्यानं त्याचा उजवा खांदा तेल लावून चोळायचा. चोळताना वरून ऐकून घ्यायचं, "जरा जोर लाव. वांगं तोडून राह्यला का?" हॉटेलातले लोक हसत. नत्थुजी मूग गिळून चोळत राही.

एवढं सोसूनही शिकायला काही मिळत होतं म्हणाल तर एक गोष्ट मिळत होती. उस्तादाच्या बाकामागची एक फळी तुटून तिथं हातभर भोक पडलं होतं. टोपल्यांवर पालथं पडलं की त्या भोकातून उस्तादाचे दोन पाय तेवढे दिसत. डावा पाय केव्हा दाबतो, उजवा केव्हा उचलतो, उतारावर बिरेकीवर कसा नुसता टेकवून ठेवतो. चार महिने नत्थुजीनं रस्ता पाहिला नाही, ते पाय पाहिले.

स्टेरिंग हातात आलं ते एकदाच, दुसऱ्या महिन्यात. उस्तादाला लहर आली आणि मुर्तिजापूरच्या अलीकडं एका मोकळ्या पडीक रानात त्यानं नत्थुजीला बाकावर बसवलं. दहा-वीस हात लारी गुणानं चालली. नत्थुजीचा ऊर भरून आला. तेवढ्यात समोर एक बकरी आली. आता ज्यानं जन्मभर बैल हाकले त्याचं अंग अशा वेळी काय करणार? त्यानं दोन्ही हातांनी स्टेरिंग कासऱ्यासारखं छातीकडं ओढलं, दोन्ही पाय समोर रोवले आणि "हो, हो, हो" म्हणून ओरडला. रोवलेला उजवा पाय नेमका पेट्रोलच्या पट्टीवर होता. लारी उधळली. बकरी शहाणी, ती बाजूला झाली, पण बाभळीचं एक अख्खं कुंपण लारीच्या नाकावर चढलं. काटे काढायला संध्याकाळ झाली.

त्यानंतर स्टेरिंग बंद. आणि लारीला "हो, हो" म्हणणाऱ्या बैलवाल्याची गोष्ट उस्तादानं बडनेरा, मुर्तिजापूर, बोरगाव, अकोला इथल्या प्रत्येक चहाच्या दुकानात सांगितली, दर वेळी नत्थुजीला समोर उभं करून.

घरी नत्थुजी आठवड्यातून एकदा येई. यायचा, जेवायचा, निजायचा. मळा मैनाबाई एकटी पाहत होती, मोटेवर बैलही तीच धरत होती. कामाचं तिला काही वाटलं नाही, पण ताटावर बसून नुसतं भाकर मोडणारा नवरा तिला परका वाटू लागला. हौश्या आणि बुधा ही त्यांची बैलजोडी. नऊ वर्षं नत्थुजीच्या आवाजावर चालणारी. हौश्या आता म्हातारा झाला होता आणि हे वर्ष संपलं की त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. नत्थुजी गोठ्यात जाऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवी, पण बोलत नसे. न बोलायची सवय लागली होती. बैल कान टवकारून वाट पाहत आणि मग पुन्हा कडब्यात तोंड घालत.

पोळा जवळ आला तेव्हा मैनाबाईनं त्याच्याकडून वचन घेतलं. आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला लोणी-हळद लावायची, पळसाच्या पानानं शेकायचं आणि बैलाच्या कानाशी जेवणाचं आवतन द्यायचं. ज्यानं त्याला राबवलं त्यानंच ते द्यायचं, दुसऱ्याच्या तोंडून चालत नाही. नऊ वर्षांत नत्थुजीचं आवतन कधी चुकलं नव्हतं, आणि हौश्याचं तर हे जुवाखालचं शेवटचं. त्यानं शब्द दिला. उस्तादालाही आठ दिवस आधी, कायदा मोडून, तोंडानं सांगितलं. उस्तादानं हुं केलं. त्या हुंला नत्थुजी होकार समजला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी लारी अकोल्याला पोचली. टोपल्या उतरल्या. आता लगेच परतायचं, तिसऱ्या प्रहरी उमरावती आणि दिवे लागायच्या आत घर, असा हिशेब करून नत्थुजी हँडल घेऊन पुढं गेला, तर उस्ताद चहाच्या बाकावर कोटाची बाही काढून बसलेला. आज निघायचं नाही, म्हणाला. इंजिन उघडून साफ करायचं, मुक्काम इथंच, उद्या पहाटे निघू. नत्थुजीनं पोळ्याची आठवण दिली. उस्ताद हसला. बैल काय पंचांग पाहतात का, एक दिवस उशिरा दिलं आवतन तर काय बिघडलं, असं म्हणून त्यानं खांदा पुढं केला आणि मग वरून गूळ दाखवावा तसं म्हणाला, "उद्या बोरगावपासून स्टेरिंग तुह्या हातात देतो. मग तर झालं?"

नत्थुजी उभा राहिला. चार महिने ज्या शब्दासाठी कान आसुसले होते तो शब्द हाच. दुसऱ्या कोणत्याही दिवशी त्यानं उस्तादाचे पाय धरले असते. पण डोळ्यांपुढं आली ती संध्याकाळ, लोण्याची वाटी घेऊन दारात उभी असलेली मैना आणि कान टवकारून उभा असलेला हौश्या. लारी आणि आवतन, दोन्ही हातात धरायला हात कमी पडत होते.

त्यानं उस्तादाचा खांदा चोळला. अर्धवट टाकला नाही, नेहमीसारखाच चोळला. मग हात पुसायचं फडकं नळावर धुवून लारीच्या आरशावर वाळत घातलं, हँडल आणून बाकावर उस्तादाशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "उस्ताद, मी चाललो. लारी कवाबी चालवता येईन. आवतन आजच द्या लागते."

उस्तादानं त्याला मूर्खात काढलं. चार महिने पाण्यात घातलेस, भगवंतराव तुला दारात उभा करणार नाहीत, आणि परत आलास तर मी तुला टोपलीवरही बसू देणार नाही, असं बरंच काही तो म्हणाला. त्यातलं निम्मं नत्थुजीच्या पाठीनं ऐकलं. तो स्टेशनच्या वाटेला लागला होता.

पॅसेंजर मिळाली. डब्यात बसल्यावर पहिली दोन स्टेशनं तो गप्प होता. मुर्तिजापूरला समोर एक म्हातारी दह्याचं गाडगं घेऊन बसली आणि तिनं सहज विचारलं, कुठं जातोस रे बाप्पा? झालं. चार महिन्यांचं पाणी अडलेलं, बांध फुटायला एवढं पुरे होतं. बैल, मळा, उस्ताद, बकरी, बाभळीचं कुंपण, सगळं बाहेर पडलं. लारीला "हो, हो" म्हटल्याची गोष्ट उस्ताद इतके दिवस सांगत होता. आज नत्थुजीनं स्वतः सांगितली, आणि उस्तादापेक्षा कितीतरी चांगली सांगितली. डबा हसून हसून लोळला. म्हातारीनं त्याला वाटीभर दही दिलं. बडनेऱ्याला गाडी बदलली तेव्हा निम्म्या डब्याला हौश्या आणि बुधा ही नावं पाठ होती.

उमरावतीहून पुढं तो पायीच निघाला. पेठेपर्यंत एका ओळखीच्या बंडीनं घेतलं, तिथून राहिलेले दोन कोस त्यानं जवळजवळ पळत काढले. आभाळ भरून आलं होतं. गावात शिरला तेव्हा घरोघरी खांदशेकणी सुरू झाली होती. मैनाबाई लोण्याची वाटी, हळद आणि पळसाची पानं घेऊन गोठ्याच्या दारात बसली होती. तिनं कुणालाही बोलावलं नव्हतं. येतील म्हणाले आहेत तर येतील, एवढंच तिनं शेजारणीला सांगितलं होतं.

नत्थुजीनं हातपाय धुतले आणि वाटी घेतली. हौश्याच्या खांद्यावर जुवानं घट्टे पडले होते, त्यांच्यावर लोणी-हळद जिरवली, पानानं शेकलं. मग बुधाचा. मग दोघांच्या मध्ये उभं राहून एकेकाच्या कानाशी तो म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि तेवढ्यावर थांबला नाही. गोठ्यात बसून त्यानं बैलांना अकोल्याची सगळी हकीकत सांगितली. हौश्यानं त्याचा खांदा चाटून चाटून सदरा ओला केला.

मैनाबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. लारी सोडली हे तिला त्यातूनच कळलं. ती इतकंच म्हणाली, "बरं झालं. घर मुकं झालं होतं." आणि पदरानं डोळे पुसून पुरणाची डाळ भिजवायला गेली.

पाऊस त्या रात्री चांगलाच झाला.

पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. शिंगांना बेगड, अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा, अशा जोड्या तोरणाखाली येऊन उभ्या राहिल्या. आता झडत्या म्हणायच्या. तालावर यमक जुळवून, कुणाची टर उडवत मोठ्यानं म्हणायच्या त्या झडत्या, आणि शेवटी सगळ्या गावानं महादेवाच्या नावानं आरोळी ठोकायची. नत्थुजीच्या झडतीची दर वर्षी लोक वाट पाहत. एवढ्यात कुणीतरी बातमी आणली, सडकेवरच्या नाल्यात एक लारी रुतून बसली आहे. नत्थुजीला आयताच विषय मिळाला. त्यानं बुधाच्या पाठीवर हात ठेवला आणि सुरू केलं:

"लारी आली लारी, पेठेहून भारी,
नाल्यामंदी बसली, इसरली चाकं चारी.
भोंगा वाजवते, धूर सोडते, हालत नाई जरा,
म्हणते बैलदादाहो, तुमीच वाट करा."

महादेवाच्या आरोळीनं तोरण हललं. लोक पोट धरून हसत होते. हसता हसता गर्दी फाकली आणि नत्थुजीला दिसलं, मागं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, अंगात खाकी कोट घातलेला शालिकराम उस्ताद उभा होता.

झालं होतं असं. उस्ताद पहाटे अकोल्याहून निघून उमरावतीला पोचला, तर भगवंतरावांनी त्याला तसंच तिवशाला माल आणायला पिटाळलं. नाल्याशी सडक वाहून गेली होती. अशा ठिकाणी उतरून पायानं जमीन दाबून दाखवणारा माणूस आदल्या दिवशीच हँडल ठेवून निघून गेला होता. उस्तादानं अंदाजानं गाडी घातली आणि मागची दोन्ही चाकं काळ्या मातीत आसापर्यंत गेली. बैल मागायला तो गावात आला होता. हे गाव नत्थुजीचं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, चार महिन्यांत त्यानं ते कधी विचारलंच नव्हतं.

नत्थुजीनं बुधाच्या पाठीवरचा हात काढला. इतक्या दिवसांचा वचपा निघाला असं वाटून आनंद व्हायला हवा होता, पण त्या कोटाकडं पाहून तो काही होईना. उस्तादानं पाटलांना, मग आणखी चार जणांना विचारलं. प्रत्येकानं हात जोडले. आज पोळा. आज गावातली एकही जोडी जुपली जाणार नाही, कलेक्टरसाहेबाची मोटार रुतली तरी नाही. शेवटी उस्ताद नत्थुजीपुढं येऊन उभा राहिला. त्याचा नेहमीचा आवाज कुठंतरी नाल्यातच राहिला होता. "तुह्या जोडीनं होईन का?" त्यानं विचारलं.

"होईन, पण उद्या," नत्थुजी म्हणाला. "काल आवतन देल्लं, उस्ताद. जेवाले बलावून कामाले कसं लावाव?"

मैनाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं मैनाबाईकडं, आणि तिनं सरळ पाहुण्याला हातपाय धुवायला पाणी दिलं. त्या घरी त्या दिवशी आधी हौश्या आणि बुधा जेवले, पुरणपोळी, कढी, वडे, आणि मग माणसं. उस्तादाला बैलांनंतर पान वाढलं गेलं, हे त्यानंही पाहिलं. तो पाच पोळ्या जेवला. जेवताना हळूहळू त्याचं तोंड उघडलं. तो बसऱ्याला असतानाच आईबाप गेले. लग्न राहून गेलं. वीस वर्षं चहाच्या दुकानांत आणि खानावळींत काढली, पैसे टाकले की पान येतं, आज जेवायला ये असं कुणी म्हणायचा प्रश्नच आला नाही. हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता, रस्त्यावरची गावं सांगावीत तसं सांगत होता. मैनाबाईनं त्याला सहावी पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौश्या आणि बुधाला लारीपुढं साखळीनं जुपलं. गाव बघायला लोटलं. उस्ताद स्टेरिंगवर आणि नत्थुजी बैलांपाशी. बैलांनी जोर केला, इंजिननं जोर केला, चाकं जागच्या जागी फिरली आणि मागं उभ्या असलेल्यांची तोंडं काळी झाली. दोनदा झालं, तीनदा झालं. चाक फिरतं त्या नेमक्या क्षणी त्याच्याखाली दगड आणि फांद्या सारायला हव्या होत्या, आणि तो क्षण ओळखणारा माणूस तिथं एकच होता. उस्ताद खाली उतरला. कोट काढून त्यानं बाभळीला अडकवला. तो कोट अंगावेगळा झालेला नत्थुजीनं तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"तू बस वर," उस्ताद म्हणाला. "चाकं मी पाहतो."

"पण बैल?" नत्थुजीनं विचारलं.

"तुह्या आवाजावरच चालतात ना ते? तथून बोल. जोरानं बोल, बाप्पा."

लारीत बोलायचं नाही हा ज्याचा कायदा, तोच सांगत होता बोल म्हणून. नत्थुजी वर चढला. स्टेरिंग हातात धरलं. समोर बॉनेट, बॉनेटपुढं साखळी आणि साखळीपुढं नऊ वर्षांची ओळखीची दोन वशिंडं. त्यानं हाक दिली, चाल रे हौश्या, चाल माह्या बुधा, आणि उजव्या पायाचं बोट पट्टीवर हलकेच दाबलं. मागून उस्तादाची आरोळी आली. दगड चाकाखाली गेला, चाकानं तो पकडला, लारीनं एक हिसका दिला आणि ती भस्सकन वर आली. गाव ओरडलं. नत्थुजीला इतका आनंद झाला की सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "हो, हो, हो."

बैल आज्ञाधारक, ते जागच्या जागी थांबले. लारी थांबली नाही. ती आपल्या जोरात बैलांच्या अंगावर चालून गेली.

नत्थुजीच्या हातांनी स्टेरिंग छातीकडं ओढलंच. जन्माची खोड ती, हातांची सुटली नाही. पण पाय रोवले गेले नाहीत. फळीतल्या भोकातून चार महिने पाहिलेले उस्तादाचे पाय त्याच्या पायांत आले. डावा दाबला गेला, उजवा उचलला जाऊन बिरेकीवर पडला. लारी थरथरून उभी राहिली. बॉनेट आणि बुधाची शेपटी यांच्यात वीतभर अंतर होतं. त्या अंतरातून बुधानं शेपटी हलवून एक माशी हाकलली.

नत्थुजीचा जीव भांड्यात पडला. मागून धापा टाकत आलेल्या उस्तादानं ती वीत पाहिली, मग खाली वाकून नत्थुजीचे पाय कुठं आहेत ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे तुले कोणं शिकवलं?" त्यानं विचारलं.

"तुमच्या पायानं," नत्थुजी म्हणाला. "तोंडानं शिकवलं असतं, तर बकरीच्या दिवशीच आलं असतं."

उस्ताद हसला. गावानं पाहिलं, नत्थुजीनंही पाहिलं, हसला तर तो माणूस बराच देखणा होता. मग तो म्हणाला, उद्यापासून ये, पुढच्या बाकावर बस, भगवंतरावांना मी सांगतो हा तयार झाला म्हणून. सगळं गाव नत्थुजीच्या तोंडाकडं पाहू लागलं. मैनाबाईनं तर हातातली फांदी तशीच धरून ठेवली होती.

नत्थुजीनं स्टेरिंगवरून एकदा हात फिरवला, यात्रेत बॉनेटवरून फिरवला होता तसा. मग खाली उतरून तो हौश्याच्या मानेवरची साखळी सोडू लागला. "लारी येते का नाई, थे पाहाचं होतं," तो म्हणाला. "आली. मन भरलं, उस्ताद. आता मले माह्या मळ्यात बोलू द्या." हे बोलताना तो इतका मोकळा दिसत होता की उस्तादानं पुन्हा आग्रह केला नाही.

नत्थुजी पुढं जन्मभर मळाच करत राहिला. लारी काही त्यानं पुन्हा चालवली नाही, पण ती त्याच्या बांधाशी दर मंगळवारी थांबू लागली. भोंगा वाजला की तो आणि मैनाबाई वांग्याच्या आणि झेंडूच्या टोपल्या घेऊन सडकेवर येत, आणि त्यांचा माल अकोल्याच्या बाजारात जाई. भगवंतरावांच्या दुसऱ्या लारीसाठी पुंजाराम म्हणून एक जण शिकायला आला. तो सांगत असे की उस्ताद पुढच्या बाकावर बसवतो, आणि कधीकधी तर इतकं बोलतो की इंजिन ऐकू येत नाही.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लारी तिवशाहून परतत होती. नत्थुजीनं गोठ्यात खांदशेकणी केली. हौश्या आता नुसता बसून खात होता, तरी त्याच्या खांद्याला आधी लावलं. वाटीत लोणी-हळद उरली होती. ती आणि पळसाची पानं घेऊन तो सडकेवर जाऊन उभा राहिला आणि त्यानं हात करून लारी थांबवली. उस्तादाला वाटलं टोपल्या असतील. नत्थुजीनं त्याला खाली उतरून कोटाची बाही काढायला सांगितली. उस्तादानं का म्हणून विचारलं नाही, काढली.

सडकेच्या कडेला उभं राहून नत्थुजीनं त्याच्या उजव्या खांद्यावर लोणी-हळद चोळली, मुर्तिजापूरला चोळायचा त्याहून सावकाश, आणि पळसाच्या ऊन पानानं शेकलं. मग वाटी खाली ठेवून तो उस्तादाच्या कानाशी वाकला.

"आज आवतन घ्या, उस्ताद," तो म्हणाला, "उद्या जेवाले या."

शालिकराम उस्तादानं बाही चढवली नाही. तो तसाच उघड्या खांद्यानं उभा राहिला आणि मग मान हलवून, बैलासारखाच, न बोलता हो म्हणाला.